पाडेलणीचा गुडघा

“डॉक्टर, हो पाय माझो वाटणा नाय.”

विशाखा धुरी हे तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी तिच्या डाव्या पावलावर दोन बोटं टेकवून नाडी शोधत उभी होते. कॅज्युअल्टीतल्या घड्याळात दुपारचा पाऊण वाजला होता. नाडी लागत होती. पण ती तिची होती की माझ्याच बोटांची, हे मला कळत नव्हतं. माणूस घाबरला की त्याची स्वतःची नाडी बोटांच्या टोकांशी येऊन ठोकू लागते. मी घड्याळाकडे बघून मोजली, एकशे बारा भरली. मॉनिटरवर विशाखाचे ठोके शहाण्णव दिसत होते. म्हणजे इतका वेळ मी माझीच नाडी मोजत होते. बोटं जरा सैल केली, तेव्हा कुठे तिची लागली.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी मूळची वर्ध्याची, वृंदा भोयर. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, साठ खाटांच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून लागून तेव्हा मला सात महिने झाले होते. मालवणी मला निम्मी समजायची. उरलेली फिलोमिना सिस्टर उलगडून सांगायच्या.

विशाखा बत्तीस-तेहतीस वर्षांची, काटक बाई. ती पाडेलीण होती, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारी. गावात पुरुष पाडेली मिळेनासे झाले, तेव्हा बचत गटाच्या चार बायकांनी यंत्राने माडावर चढायचं शिक्षण घेतलं. तिघींनी वर्षभरात सोडून दिलं, ही टिकली. यंत्र म्हणजे दोन लोखंडी चौकटी. एकेका चौकटीत एकेक पाऊल पट्ट्याने बांधायचं आणि तारेचा फास बुंध्याभोवती सरकवत वर जायचं. त्या दिवशी सकाळी सव्वा अकराच्या सुमाराला ती दीड पुरुष उंचीवर असताना एक तार सटकली. ती पाठीमागे कोसळली. उजवा पाय पट्ट्यातून निसटला, डावा मात्र अडकून राहिला आणि चौकट तिच्यासकट घसरत खाली आली. खाली तिची थोरली जाऊ नारळ गोळा करत होती. तिने पट्टा सोडवला, माणसं बोलावली आणि रिक्षात घालून विशाखाला आमच्याकडे आणलं.

ही जाऊ म्हणजे लतिका. चाळिशीची असावी. कमरेला पदर खोचलेला, दोन्ही तळहातांवर ओरखडे. ती विशाखाच्या उशाशी उभी होती आणि फारसं बोलत नव्हती. काय झालं म्हणून विचारलं की एवढंच म्हणायची, पडली आणि पाय मुरगाळला.

बघायला गेलं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. गुडघा सुजला होता, पण टम्म नव्हता. एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं, सांधा जागच्या जागी होता. हाडांचे डॉक्टर आजगावकर सर ऑपरेशनला जाता जाता येऊन बघून गेले होते. सर भले माणूस, हात हलका आणि नजर पक्की. त्यांनी गुडघा हलवायचा प्रयत्न केला, पण विशाखा दुखण्याने इतकी ताठली की नीट तपासता येईना. पावलावर बोटं ठेवून त्यांनी नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली, आणि मला म्हणाले, लिगामेंट ताणलंय, अर्धं प्लास्टर घाल, दुखण्याच्या गोळ्या दे, सूज उतरली की एमआरआय करू. मग ते ऑपरेशन थिएटरात गेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, दोन-अडीच तासांचं काम.

मी प्लास्टरची तयारी करायला सांगितली आणि जाता जाता पुन्हा एकदा पावलाला हात लावला. उजवं पाऊल कोमट होतं. डावंही कोमटच होतं, पण किंचित कमी. का तसं मला वाटत होतं? खोलीत पंखा होता, तो डाव्या बाजूला होता. मी पंखा बंद केला आणि उगीच थांबून राहिले.

तेव्हाच ती म्हणाली, पाय माझा वाटत नाही. लतिका तिच्या कपाळावरून हात फिरवत मला म्हणाली, “भियाली हा ती. दुसरा काय नाय.”

मला प्लास्टर घालावंसं वाटेना. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं, की प्लास्टर चढलं की हा गुडघा दहा दिवस कुणी बघणार नाही.

कॅज्युअल्टीच्या लोखंडी कपाटात एक छोटं सोनोग्राफी यंत्र होतं, लॅपटॉपएवढं. त्याची किल्ली सिस्टरांच्या कमरेला. कोण वापरणार, कुणासाठी, किती वाजता, हे सगळं रजिस्टरात लिहायचं, आणि यंत्र रुग्णालयाच्या फाटकाबाहेर न्यायचं नाही. सोनोग्राफीचे नियम कडक असतात. पुण्यात सहा दिवस शिकून आल्यावर माझं नाव त्या कागदांवर चढलं होतं. अपघाताच्या रुग्णाच्या पोटात रक्त आहे का, छातीत पाणी आहे का, एवढं बघायला. गुडघा बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं, शेवटच्या दिवशी एका मास्तरांनी अर्धा तास दाखवला होता तेवढाच. पुढे दुपारी गर्दी नसली की मी सिस्टरांना खुर्चीत बसवून त्यांचे गुडघे बघायचे. त्या म्हणायच्या, माझ्या नवऱ्याने कधी एवढे निरखले नाहीत.

पण त्या यंत्राने माझं हसंही केलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडलेल्या एका माणसाच्या पोटात मला रक्त दिसलं. मी सर्जनना घरून बोलावलं, थिएटर उघडायला लावलं. रक्त नव्हतं. अपघाताआधी तो माणूस एका बारशाला पोटभर जेवून निघाला होता, ते सगळं होतं. तेव्हापासून रुग्णालयात त्या यंत्राला भोयरबाईंचा टीव्ही म्हणत.

मी सिस्टरांकडे किल्ली मागितली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता कपाट उघडलं.

आधी मी चांगला पाय पाहिला, उजवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला मांडीच्या हाडापासून नडगीपर्यंत उतरणारा पट्टा पडद्यावर दिसतो. तलम धागे एकाला एक लावून ताणून बांधावेत तसा, लखलखीत आणि अखंड. तो दिसल्यावर मला जरा धीर आला. निदान बघता तरी येत होतं.

मग डावा. जेल लावून यंत्राचा प्रोब गुडघ्यावर ठेवला आणि पट्टा वरून खाली यायला लागला, हाडाच्या कडेपर्यंत आला आणि तिथे संपला. पुढे काळं डबकं. खाली नडगीकडून त्याचं दुसरं टोक चिंधीसारखं वर आलेलं. सिस्टरांना मी नडगी हलकेच बाहेर दाबायला सांगितली, तर पडद्यावर दोन हाडांमध्ये फट उघडली. विशाखाने दात आवळले.

एक लिगामेंट तुटलं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, खेळाडूंचं तुटतं, पुन्हा जुळतं. मी प्रोब बाहेरच्या बाजूला नेला. तिथली दोरी बारीक असते, ताठ असते. ती गुंडाळी होऊन पडलेली दिसली. मला वाटलं, मीच चुकतेय. प्रोब तिरका धरला की चांगलंही तुटल्यासारखं दिसतं, हे मास्तरांनी बजावलं होतं. मी पुन्हा उजव्या पायावर गेले, दोरी ताठ होती. पुन्हा डाव्यावर आले, गुंडाळी होती. असं मी चारदा केलं. घामाने हातमोजा आतून चिकट झाला.

मग विशाखाला पालथं वळवून मागून पाहिलं. गुडघ्याच्या आत खोल एक जाड वाकडा पट्टा असतो, नडगीला मागे सरकू न देणारा. उजवीकडे त्याच्या कडा साफ होत्या. डावीकडे तो फुगून, विस्कटून गेला होता.

तीन झाली.

मी यंत्रावरून हात काढले आणि दोन पावलं मागे झाले. एक तुटलं तर गुडघा मुरगळला म्हणायचा. तीन तुटली तर त्याचा अर्थ एकच असतो, तो पुस्तकात वाचला होता: गुडघा पूर्ण निखळला होता. मांडीचं हाड एकीकडे आणि नडगी दुसरीकडे. आणि गुडघ्याच्या अगदी मागून, हाडाला खेटून, पायाला रक्त नेणारी एकुलती एक मोठी धमनी जाते. गुडघा निखळताना ती ताणली जाते. कधी बाहेरून अखंड राहते आणि आतलं अस्तर फाटतं. मग सुरुवातीला नाडी लागते, पाय गरम असतो, सगळं ठीक वाटतं. तासा-दोन तासांनी त्या फाटलेल्या अस्तराशी रक्त गोठतं. सहा तास पायाला रक्त नसलं, की पुढे काही करता येत नाही.

पण एक्स-रेत सांधा तर जागेवर होता. निखळलेला गुडघा जागेवर कसा?

मी धमनीवर प्रोब ठेवला आणि रंगाचं बटण दाबलं. उजवीकडे प्रत्येक ठोक्याला नळी काठोकाठ लाल भरायची. डावीकडेही रंग येत होता, पण एका ठिकाणी अरुंद होऊन एका कडेने जात होता. रंग काढून नुसतं पाहिलं, तर नळीच्या आत एक पांढरा धागा ठोक्यासरशी हलल्यासारखा वाटला. हलत होता की माझा हात थरथरत होता? मी प्रोब दोन्ही हातांनी धरला. धागा दिसला. श्वास रोखला, तर दिसेना. मग पुन्हा दिसला.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात विशाखाच्या पायाआधी तो बारशाला जेवलेला माणूस आला.

मी वळून लतिकाला विचारलं, पडल्यावर हिचा पाय वाकडा दिसत होता का? ती नाही म्हणाली. कुणी ओढला का, सरळ केला का? ती पुन्हा नाही म्हणाली, पण या वेळी जमिनीकडे बघत. विशाखा पालथी होती. तिने उशीत तोंड ठेवूनच म्हटलं, “ताई, सांग.”

“पाय उलटो झाल्लो,” लतिका म्हणाली. “गुडघ्याकडसून. नडगी भलत्याच वाटेक. माका बघवाक नाय. मी दोनय हातांनी धरून ओढलंय. कट्ट करून आवाज झालो आणि सरळ झालो.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला ओढायला?” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “उद्या हिचा पाय कापावा लागला तर तुम्ही जबाबदार, समजलं?”

ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. त्याच वेळी विशाखाचा नवरा आणि सासू दारातून आत येत होते. त्यांनी ते ऐकलं. मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही, कारण मला फक्त थिएटरचा दरवाजा दिसत होता.

थिएटरात फोन लावला तो सिस्टरांनी. आजगावकर सरांच्या कानाशी कुणीतरी फोन धरला असावा. मागे हाडावर हातोडी पडल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. मी भराभर सांगितलं, तीन लिगामेंट, धमनी, पांढरा धागा. मग सर म्हणाले, “गुडघ्याची सोनोग्राफी तू कधी शिकलीस?”

मी सिस्टरांच्या गुडघ्यावर, असं सांगितलं. खोटं सुचलंच नाही.

सर म्हणाले, नाडी मी स्वतः पाहिली होती. मी म्हणाले, हो सर, आहे, अजून आहे. ते म्हणाले, मग? फोन कानाला लावून मी नुसती उभी राहिले. ठेवून द्यावा, प्लास्टर घालावं आणि सरांनीच सांगितलं होतं म्हणून मोकळं व्हावं, असंही मनात येऊन गेलं.

बहुधा माझा श्वास त्यांना ऐकू गेला असावा. थोड्या वेळाने त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, “धागा वगैरे सोड. हाताचं ब्लड प्रेशर घे, आणि घोट्याला पट्टा बांधून तिथलं घे. दोन्ही पायांचं. आकडे सांग मला. मी थांबतो.”

घोट्याचं प्रेशर स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही. सिस्टर पट्टा फुगवत राहिल्या आणि मी पावलावर प्रोब धरून रंग कुठे परत येतो ते पाहत राहिले. हात, एकशे अठरा. उजवा घोटा, एकशे बावीस. डाव्याला एकशे वीसवर काही नाही. शंभरवर काही नाही. नव्वदवरही पडदा कोरा. सिस्टर हळूहळू हवा सोडत होत्या आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या. ब्याऐंशीवर एक लाल ठिपका चमकला.

मी फोनवर आकडे सांगितले. सर लगेच म्हणाले, “गाडी काढ. गोव्याला मी कळवतो. तू स्वतः जा तिच्याबरोबर. वेळ किती झालाय पडून?”

सव्वादोन तास. आणि गोव्याच्या मोठ्या रुग्णालयात, बांबोळीला, पोचायला निदान पावणेदोन.

निघताना सिस्टरांनी यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं. ते फाटकाबाहेर येणार नव्हतं. पावलावर जिथे नाडी लागत होती तिथे मी बॉलपेनने फुली मारून घेतली. गाडीत माझ्याकडे तेवढंच होतं, फुली आणि बोटं. नवरा आणि सासू मागून रिक्षाने स्टँडवर जाऊन बस पकडणार होते. लतिका कुणालाही न विचारता अँब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

तो प्रवास मला अजून स्वप्नात येतो. ऊन कडक, पत्रा तापलेला, सायरन कानात. मी एका गुडघ्यावर बसून फुलीवर बोटं टेकवून होते. बांद्यापर्यंत नाडी होती. नक्की होती, कारण मी दुसऱ्या हाताने माझी मानेवरची तपासत होते आणि दोन्ही वेगळ्या पडत होत्या. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला आणि ती बारीक झाली. मी स्वतःला सांगितलं की रस्ता खडबडीत आहे. पेडण्याच्या अलीकडे गाडी रेल्वे फाटकापाशी थांबली, इंजिन बंद झालं, सगळं स्थिर झालं, आणि फुलीखाली काही नव्हतं. मी बोटं इकडेतिकडे सरकवली. घोट्यामागे पाहिलं. काही नव्हतं. पाऊल माझ्या हातात थंड होत चाललं होतं, आणि फाटक उघडत नव्हतं.

“गेली ना?” विशाखाने विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी बोटं पुन्हा फुलीवर ठेवली.

“माझो पाय कापतले?”

“आपण पोचतोय,” मी म्हणाले.

फाटक उघडलं. गाडी सुटली. मग विशाखा मधल्या काचेतून दिसणाऱ्या लतिकाच्या पाठीकडे बघत हळूच म्हणाली, “ताईक कित्याक बोललात तसा? ती आता मरात.”

मला उत्तर द्यायला सवड नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. सवड होती. म्हापशापासून बांबोळीपर्यंत मी घड्याळाकडे बघण्याखेरीज काहीच करत नव्हते.

बांबोळीला माणसं दारात उभी होती. आजगावकर सरांनी खरोखरच सगळं सांगून ठेवलं होतं. एका सर्जनने पायावर हात फिरवला, माझी फुली पाहिली, नाडी कधी गेली विचारलं, मी पेडण्याच्या अलीकडे, तीन वाजून पाच मिनिटांनी, असं सांगितलं, आणि ते ट्रॉली घेऊन पळाले. अपघाताला पाच तास व्हायच्या आत ती टेबलावर होती. मला गाडीबरोबर परत यावं लागलं. निघताना पाहिलं, तर लतिका थिएटरच्या दाराबाहेर जमिनीवर बसली होती. मी तिच्यासमोरून गेले. थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. धमनीचा फाटका तुकडा काढून दुसऱ्या मांडीतली शीर तिथे जोडली होती. पाऊल गरम होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि बाहेर येऊन चहा प्यायले. दोन-चार दिवस मला रुग्णालयात मान मिळाला. टीव्ही हा शब्द कुणी काढेना. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती आज सांगत बसले नसते.

पाच आठवड्यांनी विशाखा टाके आणि पट्ट्या दाखवायला आमच्याकडे आली, नवऱ्याबरोबर, कुबड्या घेऊन. पाऊल वर उचलायला अजून जड जात होतं; एक नस ताणली गेली होती, ती वर्षभरात बरीचशी सुधारली. आजगावकर सर गोव्याचे कागद वाचत होते. वाचता वाचता ते म्हणाले, “पाय सरळ कुणी केला होता म्हणालीस तू? तिथला सर्जन मला फोनवर तेच विचारत होता. एरवी कुणी असा पाय ओढू नये. पण त्या दिवशी तो वाकडाच राहिला असता, तर धमनी दाबलेलीच राहिली असती, पहिल्या मिनिटापासून. तुमची गाडी पोचेपर्यंत पायात काही उरलं नसतं. तिने ओढला म्हणून तीन वाजेपर्यंत रक्त जात राहिलं.”

मी विशाखाकडे पाहिलं. ती कुबडीच्या मुठीवरचं रबर नखाने खरवडत होती. मी विचारलं, लतिकाताई नाही आल्या?

नवरा बाहेर औषधं आणायला गेला, तेव्हा तिने सांगितलं. लतिकाला आता घरात कुणी विशाखाच्या अंगाला हात लावू देत नाही. सासू तिच्या हातचं पाणी घेत नाही. पाय हिनेच मोडला, असं वाडीत झालंय. विशाखाने परोपरीने सांगून पाहिलं, कुणी ऐकत नाही. “सासू म्हणता, डॉक्टरणीनंच सांगल्यान. आपल्या कानांनी ऐकलंय.”

पुढचा रविवार उजाडेपर्यंत मी तीन रात्री नीट झोपले नाही. गाडीत पाय थंड पडला तेव्हाची भीती वेगळी होती. तिच्यात निदान हाताला काम होतं. रविवारी फिलोमिना सिस्टर माझ्याबरोबर आल्या, वाट दाखवायला आणि माझी मराठी कुणाला कळली नाही तर सांगायला.

धुऱ्यांचं घर कौलारू, समोर सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. सासू ओट्यावर बसली होती, विशाखा खुर्चीवर पाय लांब करून. लतिका परड्यात, घरामागे, एकटीच नारळाची सोललेली सोडणं रचत होती. मी थेट तिच्याकडे गेले. उभ्या उभ्याच सांगितलं, तुम्ही पाय ओढला नसता तर तो वाचला नसता, हे माझं नाही, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं म्हणणं आहे, मी बोलले ते चुकीचं होतं. ती ऐकत होती. हातातलं सोडण तिने ढिगावर नीट ठेवलं.

“हयसर नको,” ती म्हणाली. “खळ्यात येवन सगळ्यांसमोर सांगा.”

मी खळ्यात आले. विशाखाचा नवरा, तिचा थोरला दीर, शेजारच्या दोन बाया, ओट्यावर सासू. मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, गुडघा कसा निखळतो आणि रक्ताची नळी कुठून जाते ते माझ्या स्वतःच्या पायावर हात ठेवून दाखवलं. मध्येच विशाखा म्हणाली, आवाज पोचत नाही, परत सांगा. मी परत सांगितलं, मोठ्याने. ती माझ्यापासून चार हातांवर होती.

सासू माझ्याकडे बघत नव्हती. सगळं बोलून झाल्यावर तिने विचारलं, “मगे त्या दिवशी तसा कित्याक सांगल्यात?”

सिस्टर उलगडून सांगायला पुढे झाल्या. मला कळलं होतं.

“मी घाबरले होते,” मी म्हणाले.

लतिका खळ्याच्या कडेला उभी होती, पदराखालचे हात आता बाहेर होते.

“मीय भियालंय,” ती म्हणाली. “पण हात सोडूक नाय.”

सासू उठली. मला वाटलं आत जाईल. ती दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून तिथेच थांबली, आमच्याकडे पाठ करून.

“लतिका,” ती म्हणाली, “डॉक्टरणीक पाणी दी गो. आणि माकाय घेवन ये.”